विंगेतून उत्तरं : बाँडची रिप्लेसमेंट

प्रश्न : नव्या जेम्स बाँडसाठी रोज एक नवं नाव वाचतो आहे. एक नट निवडायला एवढा वेळ का लागावा? आणि निवडताना बघतात तरी काय? तुम्ही नाटकांचे व्यवस्थापक होतात, नट बदलण्याचा अनुभव तुम्हाला आहे, म्हणून विचारतो. — एक वाचक, सांगली

उत्तर : ती रोजची नावं आधी डोक्यातून काढून टाका. बरीचशी तिकडच्या सट्टेवाल्यांच्या भावावरून उचललेली असतात. नाव चाललं की भाव हलतो, आणि भाव हलला की पुन्हा बातमी होते.

१९६२ च्या ऑक्टोबरात लंडनला पहिला बाँडपट झळकला आणि तीनच दिवसांनी दिल्लीत आमच्या पणशीकरांच्या ‘तो मी नव्हेच’चा पहिला प्रयोग झाला. पणशीकरांनी त्यातली लखोबाची मुख्य भूमिका दशकानुदशकं स्वतःच केली, त्यामुळे पुढचा लखोबा कोण हा प्रश्न इकडे फार उशिरा आला. बाँडचे निर्माते ब्रोकोली आणि सॉल्ट्झमन यांच्यावर ती वेळ पाच वर्षांत आली. शॉन कॉनरी कंटाळला होता.

तेव्हा त्यांनी जे केलं ते आमच्याकडचा कुठलाही घाबरलेला निर्माता करतो. मूळ नटासारखाच दिसणारा शोधला. जॉर्ज लॅझनबी हा ऑस्ट्रेलियन मॉडेल, आधी मोटारी विकायचा, अभिनयाचा अनुभव जाहिरातींपुरता. पण गडी हुशार. कॉनरीच्या न्हाव्याकडे जाऊन केस कापून घेतले, कॉनरीच्या शिंप्याकडे पडून राहिलेला सूट मिळवला आणि निर्मात्यांच्या कचेरीत जाऊन उभा राहिला. चाचणीच्या मारामारीत तर समोरच्या माणसाचं नाक खरोखर फोडलं. काम मिळालं. १९६९ चा तो एकच चित्रपट केला आणि सल्लागाराचं ऐकून बाहेर पडला. मग १९७१ साठी जॉन गॅव्हिन या अमेरिकन नटाशी करार झालेला असतानाही कॉनरीलाच साडेबारा लाख डॉलर देऊन परत आणावं लागलं. त्यानं ते पैसे स्कॉटलंडमधल्या शिक्षणाच्या ट्रस्टला दिले, ही गोष्ट मला त्याच्या सगळ्या मारामाऱ्यांपेक्षा आवडते.

आमच्या कंपनीत एक गुणी मुलगा रिप्लेसमेंटला आला होता. मूळ नटाची खोकण्याची लकबसुद्धा त्यानं उचलली. लोक हसायचे, पण नको तिथे. बुकिंगच्या खिडकीवर “मूळ संच आहे ना?” असं विचारणाऱ्याला सारखा चेहरा दाखवून काही उपयोग नसतो, तो फरकच मोजत बसतो. ‘नटसम्राट’मध्ये लागूंनंतर दत्ता भट आले, सतीश दुभाषी आले, यशवंत दत्त आले. यांतला एकही लागूंची नक्कल करायला उभा राहिला नाही.

रॉजर मूरच्या वेळी, १९७३ मध्ये, निर्माते आणि दिग्दर्शक गाय हॅमिल्टन शहाणे झालेले दिसतात. मूर पंचेचाळीस वर्षांचा, म्हणजे कॉनरीपेक्षा जवळजवळ तीन वर्षांनी मोठाच. त्याला केस कापायला आणि वजन उतरवायला सांगितलं, पण कॉनरी व्हायला सांगितलं नाही. पहिल्या चित्रपटात तो बाँडची ठरलेली व्होडका मार्टिनी मागवत नाही, बूर्बन व्हिस्की पितो. सिगारेटच्या जागी सिगार आली. लोकांना तुलना करायला जिथे जागा होती, तिथली वस्तूच उचलून नेली. तो सात चित्रपट टिकला.

म्हणून माझं म्हणणं असं की नट नंतर, आधी चित्रपट कुठल्या जातीचा हवा ते ठरतं. वेळ तिथे जातो. २००५ मध्ये डॅनियल क्रेगचं नाव जाहीर झालं तेव्हा केवढा गहजब! केस सोनेरी, उंची कमी. थेम्स नदीतून स्पीडबोटीनं त्याला पत्रकारांसमोर आणलं तर वर्तमानपत्रांनी त्याच्या लाइफ जॅकेटचीच टर उडवली. पण निर्मात्यांना नवशिका, मार खाणारा, चुकणारा बाँड हवा होता आणि त्याला हाच चेहरा लागत होता. त्याच वेळी हेन्री कॅव्हिलचीही चाचणी झाली होती. दिसायला राजबिंडा, पण वय बावीस. क्रेगच्या पुढच्याच वर्षीच्या चित्रपटानं तोवरच्या सगळ्या बाँडपटांहून जास्त गल्ला जमवला.

वयाचं गणित सोपं आहे. क्रेग निवडला गेला तेव्हा सदतीसचा, शेवटचा चित्रपट २०२१ मध्ये आला तेव्हा त्रेपन्नचा. नट घेताना त्याची पुढची दहाबारा वर्षं घ्यायची असतात. आज गाजलेला नट एवढी वर्षं बांधून घेत नाही, आणि घेतलीच तर किंमत सांगतो.

चाचणीचं विचाराल तर पूर्वापार एकच प्रसंग देत आले आहेत, १९६३ च्या दुसऱ्या चित्रपटातला. बाँड हॉटेलच्या खोलीत येतो, चाहूल लागते, पिस्तूल घेऊन आत जातो तर बिछान्यात रशियन तरुणी. सावधपणा, लाघव आणि दोघांचंही खोटं बोलणं, सगळं एका खोलीत. ज्यानं हा प्रसंग निवडला त्याला मी आमच्या तालमींना बोलावलं असतं.

फरक एवढाच, की आता ठरवणारे बदललेत. २०२५ च्या फेब्रुवारीत जुन्या ब्रोकोलींची मुलगी बार्बरा ब्रोकोली आणि सावत्र मुलगा मायकेल विल्सन या निर्मात्यांनी सर्जनाचे अधिकार अॅमेझॉनकडे दिले. त्यानंतर दिग्दर्शक म्हणून डेनिस व्हिलेनव्ह आणि लेखक म्हणून स्टीव्हन नाइट ठरले. नायकाचा नंबर त्यांच्यानंतर. क्रम बरोबर आहे.

प्रश्न : एखादा भारतीय नट का नाही? — एक वाचक, नाशिक

उत्तर : पात्र ब्रिटिश नौदलातलं आहे. तरीही लॅझनबी ऑस्ट्रेलियन आणि ब्रॉस्नन आयरिश चालला, आणि वर्णाची अट नाही असं बार्बरा ब्रोकोलीही म्हणाल्या होत्या. तेव्हा भारतीय वंशाचा ब्रिटिश नट मला अशक्य वाटत नाही. मुंबईचा नट मात्र नाही. १९८३ च्या बाँडपटाचं उदयपूरला चित्रीकरण झालं, त्यात कबीर बेदी खलनायकाचा उजवा हात होता आणि विजय अमृतराज रिक्षातून टेनिसच्या रॅकेटनं गुंडांना हाणत होता. तेवढ्यावर आपल्या थेटरांत शिट्ट्या पडल्या होत्या.

प्रश्न : पियर्स ब्रॉस्ननला आधी निवडून मग काढलं होतं, हे खरं का? — एक वाचिका, पणजी

उत्तर : काढलं नाही, अडकला. १९८६ मध्ये त्याची अमेरिकन टीव्ही मालिका बंद झाली होती. बाँडसाठी त्याचं नाव गाजलं तशी वाहिनीला मालिका पुन्हा हवीशी वाटली, आणि कराराची मुदत संपता संपता तिनं त्याला परत बांधून घेतलं. दर आठवड्याला टीव्हीवर फुकट दिसणारा बाँड ब्रोकोलींना नको होता. भूमिका टिमोथी डाल्टनला गेली, ज्यानं पंचविशीच्या आसपास ‘मी फार लहान आहे’ म्हणून हीच गोष्ट नाकारली होती. पुढे कोर्टकज्ज्यांत बाँडपटांची मालिका सहा वर्षं थांबली, आणि १९९५ मध्ये ब्रॉस्नन आला तेव्हा बेचाळीसचा होता. डाल्टनच्या वाट्याला दोनच चित्रपट आले. मला विचाराल तर सहांमध्ये चांगला नट तोच.