16 एमबी रॅम असून डॉस म्हणतं मेमरी नाही!

प्रश्न: माझ्याकडे जुना 486 कॉम्प्युटर आहे, 16 एमबी रॅम, ऑपरेटिंग सिस्टिम एमएस-डॉस 6.22. हिशोबाचा एक जुना प्रोग्रॅम 580 केबी मोकळी मागतो आणि मला मिळते 531. डॉस सुरू होताना वाचतं त्या कॉन्फिग फाइलमध्ये सगळीकडे डिव्हाइसहाय (ड्रायव्हर, म्हणजे माउस वगैरे चालवणारे छोटे प्रोग्रॅम, वरच्या मेमरीत टाकायची आज्ञा) लिहून झालं, फरक शून्य. अजून रॅम टाकू का?

उत्तर: अजिबात नको, पैसे वाया जातील. डॉसच्या प्रोग्रॅमला बसायला पहिले 640 केबीच, त्याच्यावरचे 1 एमबीपर्यंतचे 384 केबी व्हिडिओ कार्ड, बायॉस (मशीन सुरू करणारा आतला प्रोग्रॅम) वगैरेंसाठी राखीव, मग वर तुम्ही 16 टाका नाहीतर 64 टाका, साध्या प्रोग्रॅमला त्याचं काय. आपलं काम एवढंच की त्या 640 मधली गर्दी वरच्या 384 मधल्या रिकाम्या फटींत ढकलायची.

आता तुमची गोची कुठेय ते सांगतो. कॉन्फिगमध्ये ईएमएम386 ची, म्हणजे वरची मेमरी सांभाळणाऱ्या डॉसच्या ड्रायव्हरची, ओळ असते, तिच्यापुढे तुम्ही काहीच लिहिलेलं नसणार. नुसती ओळ टाकली तर ते फक्त ईएमएस (जादा रॅम एका छोट्या खिडकीतून वापरायची जुनी पद्धत) देतं, वरच्या फटी उघडतच नाही, आणि डिव्हाइसहाय तर महा घुमं, वर जागा नाही मिळाली तर एक अक्षर न बोलता ड्रायव्हर खालीच टाकून मोकळं होतं. म्हणून आधी हायमेमची (1 एमबीच्या वरची मेमरी खुली करणारा ड्रायव्हर) ओळ, तिच्याखाली ईएमएम386 आणि त्याच ओळीत पुढे नोईएमएस (ईएमएस नको, नुसत्या फटी उघड), मग डॉस=हाय,यूएमबी. यूएमबी म्हणजे त्याच वरच्या फटी. यातल्या 'हाय'मुळे डॉसचा स्वतःचाच बराचसा भाग 1 एमबीच्या वर जातो, तिथेच चाळीसेक केबी सुटतात. रीबूट करून मेम स्लॅश सी ही मेमरीची यादी दाखवणारी आज्ञा मारा, अप्पर मेमरीच्या रकान्यात माउस, सीडीचा ड्रायव्हर दिसले की समजा जमलं.

तरी एखादा खालीच राहिला तर क्रम बदला, सगळ्यात मोठा ड्रायव्हर आधी. लोड होताना त्याला नंतरपेक्षा जास्त जागा लागू शकते, लहानांनी फट अडवली की तो बसतच नाही. डॉससोबतचा मेममेकर हा प्रोग्रॅम हे आपोआप करतो, नाही पटलं तर सगळं पूर्ववत करायला मेममेकर स्लॅश अंडू आहेच. मी स्वतः हातानेच करतो, खोड आहे म्हणा.

प्रश्न: नोईएमएस टाकल्यापासून एक गेम ईएमएस मागून बंद पडतो.

उत्तर: पडणारच, बंदच केलंय ना ते. नोईएमएस काढून तिथे रॅम हा शब्द लिहा, मग फटी आणि ईएमएस दोन्ही मिळतात, पण ईएमएसची 64 केबीची खिडकी त्या फटींतूनच कापली जाते. दोन्हीचं भागत नसेल तर डॉस 6 पासून कॉन्फिगमध्ये मेनू करता येतो, एक पर्याय गेमसाठी, एक बाकीच्यासाठी. आणि या उद्योगात मशीन अडकलंच तर सुरू होताना एफ5 दाबा, कॉन्फिग आणि ऑटोएक्झेक या सुरुवातीच्या दोन्ही फाइली वगळून डॉस उघडतं.