पद्धत उसनी घेताना

प्रिय विद्यार्थीमित्रा,

अनेक आशीर्वाद. ज्वारीच्या पानांवरचा तांबेरा रोग फोटोवरून ओळखायला संगणकाला शिकवायचं तुझ्या मनात आहे, हे वाचून फार आनंद झाला. दुसऱ्या शाखेची पद्धत आणताना संकोच करू नकोस. आपण पीक पैदासवाले ज्या डी-स्क्वेअरवर, म्हणजे अनेक मापं एकत्र घेऊन दोन गटांमधलं अंतर काढायच्या सूत्रावर, प्रबंध लिहितो, ती तरी आपली कुठे? १९२० साली नागपूरच्या सायन्स काँग्रेसमध्ये प्राणिशास्त्रज्ञ अ‍ॅनंडेल यांची संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांशी गाठ पडली. कलकत्त्यातल्या अँग्लो-इंडियन लोकांची शरीरमापं त्यांनी महालनोबिसांकडे सोपवली. त्या कामातून वाढत वाढत १९३६ साली हे सूत्र पक्कं झालं. माणसांच्या मापांच्या जागी आपण कणसं घातली, एवढंच.

मीही घातली. कणसाचं वजन, दाण्याचं वजन, दोन्ही रकाने भरले. वाणांमधली अंतरं भरघोस आली आणि मी खूश. संख्याशास्त्राच्या एका बाईंनी तक्ता पाहून विचारलं, "ही दोन मापं वेगळं काय सांगतात?" जवळजवळ काहीच नाही. अशी जुळी मापं एकत्र आली की त्या सूत्रात बारीकशी चूकही फुगते. सूत्र मला पुस्तकात मिळालं होतं. ही खबरदारी माणसाकडूनच कळली. सगळं गणित पुन्हा केलं.

दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. कोणत्या वाफ्याला काय द्यायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवावं, ही रीत संख्याशास्त्रज्ञ फिशरनी इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड कृषी संशोधन केंद्राच्या शेतात रुजवली. वैद्यकीय संख्याशास्त्रज्ञ ब्रॅडफर्ड हिल यांनी ती क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिन या औषधाच्या चाचणीत आणली; तिचे निष्कर्ष १९४८ साली छापून आले. पण वाफ्याला काही कळत नाही, डॉक्टरला कळतं. म्हणून तिथे कोणत्या रुग्णाला औषध द्यायचं ते बंद पाकिटांत ठेवलं, आणि औषध कोणाला मिळालंय हे एक्स-रे वाचणाऱ्यांना कळू दिलं नाही. शेतात या पाकिटांची गरजच पडली नव्हती.

तुझ्या कामातही असं काही लागणार. एकाच वाफ्यात, एकाच सकाळी काढलेले फोटो म्हणजे सख्खी भावंडं. त्यातले काही शिकवायला आणि काही परीक्षेला ठेवलेस, तर यंत्र तांबेऱ्याऐवजी तो वाफाच ओळखायला शिकेल. आकडे झकास येतील आणि पुढच्या गावात ते फसेल. तेव्हा फोटो सरमिसळ करून वाटू नकोस. एक अख्खं गाव परीक्षेसाठी बाजूला ठेव, आणि संगणकवाल्या सोबत्याला एकदा तरी शेतात घेऊन जा.

गावांची यादी झाली की मला पाठव.