उंच यंत्र, बसका ट्रेलर आणि वाटेतल्या तारा
(वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे)

प्रश्न : अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत आमचा लहानसा इंजिनिअरिंग कारखाना आहे. पुण्याहून एक वापरलेला पॉवर प्रेस (पत्रा दाबून कापणारे-वाकवणारे यंत्र) विकत घेतला असून त्याचे वजन २४ टन आणि उभी उंची ३.७ मीटर आहे. एक ट्रान्सपोर्टवाले साध्या फ्लॅट ट्रेलरवर आणून देतो म्हणतात. लोबेडचे, म्हणजे बसक्या फळीच्या ट्रेलरचे, भाडे बरेच जास्त पडते. हा जादा खर्च खरोखर आवश्यक आहे का?
– एक उद्योजक, सोलापूर

उत्तर : होय, आवश्यक आहे; परंतु केवळ उंचीच्या कारणासाठी नव्हे. आधी उंचीचा हिशेब पाहू. साध्या फ्लॅट ट्रेलरची फळी जमिनीपासून सुमारे दीड मीटरवर असते, तर लोबेडची एक मीटरच्या आतबाहेर. यंत्राखाली टाकायचे लाकडी स्लीपर दहा सेंटिमीटरचे धरले, तर फ्लॅटवर एकूण उंची ५.३ मीटर होते आणि लोबेडवर ४.८ मीटर. राष्ट्रीय महामार्गावरील पुलांखाली साधारणपणे साडेपाच मीटर मोकळी जागा ठेवण्याचा दंडक आहे, त्यामुळे पुणे–सोलापूर महामार्गावर दोन्ही गाड्या निघून जातील असे कागदावर दिसते. रस्त्यावर मात्र डांबराचा थरावर थर चढत जातो आणि पुलावरील उंचीची पाटी जुनीच राहते. शिवाय पुलाखाली रस्ता खोलगट असेल, तर लांब ट्रेलरची पुढची आणि मागची चाके दोन्ही बाजूंच्या चढांवर असताना मधला भाग रस्त्यापासून वर उचललेला राहतो. बारा मीटर अंतरावर चाके असलेल्या ट्रेलरला अशा ठिकाणी पाच-सहा सेंटिमीटर सहज गमवावे लागतात. वीस सेंटिमीटरच्या फटीवर विसंबून २४ टनांचा प्रेस पुलाखाली घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

लोबेड ठरवण्याआधी एक काम करावे. प्रेसच्या डोक्यावर बसवलेली मोटर, तिचा पाया आणि पट्ट्यांचे संरक्षक कव्हर उतरवता येते का, हे फिटरला विचारावे. तेवढ्याने बहुतेक वेळा तीस-चाळीस सेंटिमीटर कमी होतात आणि डोक्यावरचे वजनही उतरते. मर्यादेबाहेरच्या मालाला, ज्याला या धंद्यात ओडीसी म्हणतात, परवानगी मिळते ती माल सुटा करता येत नसेल तरच, त्यामुळे हा प्रश्न तुम्हाला तेथेही विचारला जाईल. परवाना कोणी काढायचा, हे भाडे ठरतानाच लेखी घ्यावे. राष्ट्रीय महामार्गाची परवानगी आणि शहरातील रस्त्यांची परवानगी या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार मर्यादेबाहेर माल उंच किंवा रुंद भरल्यास २०,००० रुपये दंड आहे आणि माल उतरवण्याचा खर्चही भरावा लागतो.

आता दुसरे कारण, म्हणजे तोल. पॉवर प्रेस हे डोक्याकडे जड असलेले यंत्र आहे, कारण फ्लायव्हील, क्रँकशाफ्ट आणि मोटर सगळे वरच असते. त्याचा गुरुत्वमध्य तळापासून २.१ मीटरवर धरला, तर फ्लॅटवर तो रस्त्यापासून ३.७ मीटरवर जातो आणि लोबेडवर ३.२ मीटरवर. साठ मीटर त्रिज्येच्या वळणावर हिशेबाने पहिली गाडी ताशी ४५ किलोमीटरच्या सुमारास उलटण्याच्या टोकाला येते आणि दुसरी ४९ च्या सुमारास. फरक फक्त चार किलोमीटरचा आहे, हे मुद्दाम सांगतो. लोबेड मिळाला म्हणून चालकाने वळणावर वेग वाढवला, तर लोबेडचा फायदा तेथेच संपतो. स्प्रिंगा एका बाजूला दबतात, काही ठिकाणी रस्ता बाहेरच्या बाजूला उतरता असतो, म्हणून खरी मर्यादा या आकड्यांच्याही खाली असते. अशा वळणावर वीस-पंचविसाच्या वर जाऊ नये. वेग दुप्पट झाला की बाहेर फेकणारा जोर चौपट होतो.

बांधणीविषयी आपण विचारलेले नाही, तरी लिहितो, कारण अपघाताचे मूळ बहुतेक वेळा तेथेच असते. लोखंडावर लोखंड ठेवले की ते घसरते. फळीवर तेल सांडलेले असेल, तर विचारूच नका. यंत्राच्या पायांखाली कोरडे लाकूड किंवा रबराची जाड पट्टी हवीच. बांधणीने पुढच्या बाजूला वजनाच्या ८० टक्के आणि दोन्ही बाजूंना व मागे ५० टक्के जोर पेलावा, असा ठोकताळा आहे. तुमच्या प्रेससाठी म्हणजे पुढे सुमारे १९ टन आणि बाजूला १२ टन. साखळ्या प्रेसच्या मुख्य सांगाड्याला अडकवाव्यात, सरकणाऱ्या स्लाइडला किंवा मोटरच्या पायाला कधीही नाही. निघाल्यावर पंधरा-वीस किलोमीटरवर गाडी बाजूला घेऊन बाइंडर (साखळ्या ताणून धरणारे आकडे) पुन्हा आवळावेत. पहिल्या हिसक्यांत लाकूड दबते आणि साखळी सैल पडते. हाताने हलवून पाहिल्याखेरीज ते कळत नाही.

प्रश्न : आमचा पोकलेन मंगळवेढ्याकडील शेततळ्याच्या कामावर न्यायचा आहे. वाटेत शेतातून जाणाऱ्या विजेच्या तारा आहेत. आम्ही सकाळी जाऊन वाट पाहून आलो, तारा उंच वाटल्या. एवढी पाहणी पुरेशी आहे का?
– एक कंत्राटदार, मोहोळ

उत्तर : पुरेशी नाही. सकाळी पाहणी झाली, हीच तिच्यातील उणीव आहे. तार तापली की लांबते आणि मध्ये झोळ पडतो. एप्रिल-मेमध्ये सोलापूर चाळीस अंशांच्या पुढे जाते, आणि ज्या दुपारी ऊन तारेला तापवते, त्याच वेळी तारेतून जाणारा भारही तिला तापवत असतो. काही वर्षांपूर्वी अक्कलकोट रस्त्यावर एक यंत्र आणताना आम्ही सकाळी सातला बांबूने तारेची उंची मोजून घेतली होती. गाडी पोहोचली दुपारी अडीचला. माझ्याबरोबरच्या पोराने सकाळचाच बांबू, ज्यावर आम्ही लाल टेपची खूण केली होती, पुन्हा लांबून धरून पाहिला, तेव्हा तार खुणेच्या वीतभर खाली आलेली होती. आम्ही गाडी तेथेच थांबवली आणि तारेचा पुरवठा बंद करून घेतल्यावरच पुढे नेली. तेव्हापासून मी पाहणी दुपारी करतो.

तो बांबू पूर्ण कोरडा होता आणि आम्ही तारेपासून अंतर राखून नजरेने ताडून पाहिले होते. आज मात्र बांबू घेऊन तारेजवळ जाऊ नका, असेच सांगेन. लांबून मोजणारे साधे उपकरण मिळते, आणि महावितरणच्या शाखेत लेखी अर्ज देऊन उंची मागता येते व पुरवठा ठरावीक वेळेसाठी बंदही करून घेता येतो. रस्ता ओलांडणारी ११ केव्हीची (११,००० व्होल्टची) तार किमान ६.१ मीटरवर आणि कमी दाबाची ५.८ मीटरवर असावी, असा जुना नियम आहे. रस्ता सोडून शेतातून जाणाऱ्या उघड्या तारेला मात्र ४.६ मीटर चालतात. तुमची शेवटची दोन-तीन किलोमीटरची वाट त्याच उंचीची आहे. लोबेडवर पोकलेनची बूम (लांब हात) दुमडून, बकेट फळीवर टेकवून बसवली तरी बूमचे कोपर चार मीटरच्या वर असू शकते. गाडी भरून झाल्यावर, टायर दबलेले असताना, त्या कोपराची जमिनीपासूनची उंची मोजा; कॅटलॉगमधील आकड्यावर जाऊ नका.

वाटेत रेल्वे फाटक असेल तर दोन्ही बाजूंना लोखंडी हाइट गेजची कमान असते. तिला यंत्र घासत असेल, तर पुढे २५,००० व्होल्टची तार आहे हे ध्यानात ठेवून मागे फिरा. फाटकावरचा दुसरा धोका खाली आहे. रूळ उंचवट्यावर असले की लोबेडचे पोट अडकते आणि गाडी रुळांवरच बसते.

काळ्या रानाचीही काळजी घ्या. पावसानंतर रस्त्याची कड वरून सुकलेली दिसते, आत मात्र चिखल असतो. एका बाजूची चाके रुतली की वर सांगितलेला तोलाचा सगळा हिशेब तेथेच फिरतो. अशा वेळी पोकलेन डांबरी रस्त्यावरच उतरवून, डांबर फाटू नये म्हणून खाली जुने टायर किंवा फळ्या टाकून, रानात चालवत न्यावा.

प्रश्न : यंत्र तारेला टेकले, तर चालकाने काय करावे?
– एक चालक, बार्शी

उत्तर : केबिनमध्येच बसून राहावे, कोणालाही गाडीजवळ येऊ देऊ नये, आणि १९१२ या वीज तक्रार क्रमांकावर फोन करून पुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत उतरू नये. आग लागली, तरच उतरावे. तेव्हाही एक हात गाडीला आणि एक पाय जमिनीला असे कधीही होऊ न देता, दोन्ही पाय जुळवून बाहेर उडी मारावी आणि पावले न उचलता, पाय जुळवूनच घसटत किमान दहा मीटर दूर जावे. क्लीनरलाही हे आधीच सांगून ठेवावे, कारण साखळी पाहायला सवयीने खाली उतरणारा पहिला माणूस तोच असतो.