पीव्ही = एनआरटी ची चार सूत्रं पाठ करतोयस? थांब जरा

भावा, वायूच्या समीकरणाचं तुझं गणित बघितलं (पी म्हणजे दाब, व्ही आकारमान, एन मोल म्हणजे वायूचं प्रमाण, आर ठरलेला स्थिरांक, टी तापमान). ८.२ लिटरचं भांडं, दाब ३ अ‍ॅटमॉस्फिअर, तापमान २७ अंश सेल्सिअस, मोल किती? तुझं उत्तर ११.१ आणि पुस्तकात १, म्हणून तुला वाटतंय एन चं सूत्र चुकीचं पाठ झालं. सूत्र बरोबर आहे रे, तू टी च्या जागी सरळ २७ टाकलेत. टी केल्विनमध्ये लागतं, म्हणून २७३ मिळवून ३०० घे. एन = पीव्ही भागिले आरटी, म्हणून वर ३ गुणिले ८.२ म्हणजे २४.६, खाली ०.०८२१ गुणिले ३०० म्हणजे २४.६३, आला की १.

आणि पी चं वेगळं, व्ही चं वेगळं असं पाठांतर बंद कर आधी. एकच ओळ लिही, पीव्ही = एनआरटी, जे शोधायचंय त्यावर बोट ठेव आणि त्याला गुणाकारात कोण कोण चिकटलंय ते बघ, तेवढ्यांनी दोन्ही बाजूंना भाग दे. टी ला एन आणि आर चिकटलेत, म्हणून टी = पीव्ही भागिले एनआर. संपलं. फक्त आधी अक्षरं हलव, आकडे शेवटी, नाहीतर मधेच कोण वर कोण खाली याचा घोळ होतो.

आर चं पण बघ. लिटर आणि अ‍ॅटमॉस्फिअर असेल तर ०.०८२१, पास्कल आणि घनमीटर असेल तर ८.३१४. मोल काढताना लिटर-अ‍ॅटमॉस्फिअरसोबत ८.३१४ टाकलास तर उत्तर शंभरेक पट लहान येतं, तेव्हा चूक कुठाय ते लगेच कळतं.

मी स्वतः फसलो होतो ते टायरच्या गणितात. समज, थंडीत पहाटे साताऱ्यात १५ अंशाला गाडीत ३२ पीएसआय (दाबाचं एकक) हवा भरली आणि खंबाटकी घाट उतरेपर्यंत आतली हवा ६० अंशाला गेली. टायर फुगत नाही धरलं तर व्ही, एन, आर तेच, म्हणजे पी भागिले टी पण तेच राहणार. मी ३२ ला थेट ३३३/२८८ ने (दोन्ही तापमानं केल्विनमध्ये) गुणलं, आले ३७. चूक! पंपावरचा गेज बाहेरच्या हवेपेक्षा जास्त किती तेवढंच दाखवतो, म्हणून आधी बाहेरच्या हवेच्या दाबाचे १४.७ मिळवायचे, ४६.७ चे होतात ५४, त्यातून १४.७ परत वजा, गेजवर दिसणार ३९.३. गरम टायरची हवा बघून ती कमी करू नका म्हणतात ते याच्यासाठीच, गार झाल्यावर टायर बसलेला दिसतो.