बटर पेपरवरचा प्लॅन ऑटोकॅडमध्ये नेताना

बटर पेपरवर, म्हणजे अर्धपारदर्शक ट्रेसिंग कागदावर, हाताने काढलेल्या प्लॅनचा मोबाइलवर फोटो घेऊन तुम्ही तो ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये गिरवलात. आता २३० मिमीची भिंत कुठे २१२ भरते, कुठे २५१. मग हाताने काढायचंच कशाला, हा तुमचा प्रश्न.

चूक हाताची नाही, गिरवण्याची आहे. १:५० ला, म्हणजे पन्नासपट लहान काढताना, २३० मिमीची भिंत कागदावर जेमतेम ४.६ मिमी. त्यात पेन्सिलची रेघ अर्धा मिमी जाड, म्हणजे साइटवरचे २५ मिमी! रेघेच्या अल्याड क्लिक केलं की पल्याड, एवढ्यावर भिंत बदलते. शिवाय फोटो जरा तिरका आला की समांतर भिंती समांतर राहत नाहीत.

तेव्हा फोटो नको, स्कॅन करा, ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके). झेरॉक्सवाल्याला 'फिट टू पेज' (कागदात बसवायला आकार बदलणं) बंद करायला सांगा. इमेज अटॅच केल्यावर स्केल कमांडमधला रेफरन्स पर्याय (माहीत असलेल्या मापावरून इमेज लहान-मोठी करणारा) घ्या आणि सगळ्यांत लांब माप पकडा. ९ मीटरच्या बाजूवर क्लिक २० मिमी चुकला तर फरक ०.२ टक्के, ९०० मिमीच्या दारावर तोच चुकला तर २ टक्क्यांहून जास्त, आणि अख्खा प्लॅन तेवढा फुगतो. आडवं माप जुळलं तरी उभं तपासा: पावसाळ्यात बटर पेपर दमट होऊन वाढतो, तोही दोन्ही दिशांना सारखा नाही.

मग स्कॅन फिका करून त्याचा लेयर लॉक करा, म्हणजे तो चुकून हलणार नाही. ग्रिड (मापाच्या आधाररेषा) आणि भिंती ऑफसेटने, म्हणजे ठरावीक अंतरावर समांतर रेघ काढणाऱ्या कमांडने, आकडे टाइप करून काढा. स्कॅनने फक्त कुठे काय आहे तेवढं सांगायचं.

हाताने काढायचं ते सेक्शनसाठी, म्हणजे इमारतीच्या उभ्या छेदासाठी, आणि ते मी सोडणार नाही. ३००० मिमीचा मजला, १५० चे २० राइझर (पायरीची उंची), डॉगलेग म्हणजे मध्ये उलट वळणारा जिना: मधलं लँडिंग (वळायचा सपाट भाग) १५०० वर. त्याखालून मागचं दार काढलेलं प्लॅनमध्ये झकास दिसतं. १:५० च्या सेक्शनमध्ये १५० चा स्लॅब वजा केला की खाली २७ मिमी उरतात, म्हणजे १३५०. तिथे माणूस काढायला गेलात की डोकं स्लॅबमध्ये जातं. स्क्रीनवर झूम करत बसलेल्याला हे बहुतेक ज्यूरीच्या, म्हणजे परीक्षकांसमोर डिझाइन मांडायच्या, दिवशी कळतं.

ए१ ची शीट ए३ वर तपासायला काढाल तेव्हा १:५० चं १:१०० होतं आणि ०.१३ मिमीची रेघ ०.०६५ होऊन जवळपास नाहीशी होते. शीटवर ग्राफिक स्केल (शीटसोबत लहान-मोठी होणारी मापपट्टी) ठेवाच.