इंटरनेट नसलेल्या जाळ्यासाठी ॲक्सेस पॉइंट

प्रश्न : प्रयोगशाळेत आठ-दहा सेन्सर आणि एक लॅपटॉप वाय-फायवर जोडायचे आहेत. इंटरनेट मुद्दामच द्यायचं नाही. कोणता ॲक्सेस पॉइंट (वाय-फायचा सिग्नल देणारं उपकरण) घ्यावा?

उत्तर : खोक्यावरचे वेगाचे आकडे बाजूला ठेवा, तुम्हाला ते लागणार नाहीत. आधी विचारा, क्लाउड खात्याशिवाय (कंपनीच्या ऑनलाइन खात्याशिवाय) तो सुरू होतो का? काही मॉडेल पहिल्याच सेटिंगला मोबाइल ॲप आणि इंटरनेट मागतात. तुमच्याकडे ती अडूनच बसतील. ब्राउझरमध्ये थेट उघडणारं सेटिंगचं पान हवं, फर्मवेअरही (उपकरणातलं मूळ सॉफ्टवेअर) फाइलवरून चढवता यायला हवं.

आता नेहमी राहून जाणारी गोष्ट : आयपी पत्ते (जाळ्यातल्या प्रत्येक उपकरणाची ओळख सांगणारे आकडे) वाटणार कोण? निव्वळ ॲक्सेस पॉइंटमध्ये हे पत्ते आपोआप वाटणारा डीएचसीपी सर्व्हर असेलच असं नाही, राउटरमध्ये तो सहसा असतो. म्हणून मी तरी अशा कामाला साधा वाय-फाय राउटरच सुचवेन. वॅन पोर्ट (इंटरनेटची केबल लावायची जागा) रिकामा ठेवायचा, झालं.

बरेच सेन्सर फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, तेव्हा तो बँड हवाच. चॅनेल १, ६, ११ पैकी कमी गर्दीचं निवडा. इंटरनेट नाही म्हणून पासवर्ड नको, हे मला अजिबात पटत नाही. सिग्नल भिंतीपलीकडे जातोच. किमान डब्ल्यूपीए२ ही पासवर्डची सुरक्षा लावा.

‘क्लायंट आयसोलेशन’ हे सेटिंग मात्र बंद ठेवा. ते चालू असलं की सेन्सर जोडलेले दिसतात, पण वाय-फायवरच्या लॅपटॉपला सापडत नाहीत. आणि सेन्सर इंटरनेटवरून वेळ घेणारे असतील, तर लॅपटॉपवर वेळ पुरवणारा एनटीपी सर्व्हर चालवा, नाहीतर नोंदींच्या वेळा भरकटतील.