वाचकांचे प्रश्न : बूस्टर डोस, जुना आजार आणि औषधांचे वार

दीर्घकालीन आजार असलेल्या वाचकांनी कोविडच्या बूस्टर डोसचे आपले अनुभव कळवावेत, असे या सदरातून सुचवले होते. आलेल्या बहुतेक पत्रांचा शेवट ‘आता पुढचा डोस घ्यावा की घेऊ नये’ या एकाच प्रश्नाने झाला आहे. पत्रे वाचताना माझे लक्ष मात्र दुसऱ्याच गोष्टीकडे गेले. ज्यांना त्रास झाला किंवा ज्यांचा डोस अंगी लागला नाही, त्यांपैकी अनेकांची अडचण लशीपेक्षा वेळेची होती. डोस कोणत्या आठवड्यात घेतला, त्या आठवड्यात कोणते औषध चालू होते आणि कोणते कोणाच्या सांगण्यावरून बंद केले होते, याचा विचार आधी झालाच नव्हता.

जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची जागतिक आणीबाणी ५ मे २०२३ रोजी संपवली. त्याच्या काही आठवडे आधी, मार्च २०२३ मध्ये, तिच्या तज्ज्ञगटाने शिफारशी बदलल्या होत्या. निरोगी तरुण माणसांना सरसकट वारंवार बूस्टर देण्याची गरज नाही, पण वृद्ध, मधुमेह किंवा हृदयविकारासारखे आजार असलेले, गर्भवती, प्रतिकारशक्ती क्षीण झालेले आणि रुग्णसेवेतील कर्मचारी यांना शेवटच्या डोसनंतर ६ किंवा १२ महिन्यांनी आणखी एक डोस द्यावा, असे त्या गटाचे म्हणणे होते. थोडक्यात, बाकीच्यांच्या लेखी हा विषय मागे पडला असला तरी आपल्यासारख्यांच्या तो पुढ्यातच आहे. ‘आपल्यासारख्यांच्या’ असे मुद्दाम लिहितो, कारण मी डॉक्टर असलो तरी गेली चौदा वर्षे आमवाताचा रुग्णही आहे.

प्रश्न : मला नऊ वर्षांपासून आमवात आहे आणि मी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट घेते. गेल्या बूस्टरच्या वेळी एका परिचितांनी सांगितले म्हणून गोळी महिनाभर बंद ठेवली. डोसचा काहीच त्रास झाला नाही, पण तिसऱ्या आठवड्यात दोन्ही मनगटे सुजली, सकाळी मूठ वळेना आणि शेवटी स्टेरॉइड घ्यावे लागले. पुढच्या वेळी गोळी चालू ठेवली, तर लस फुकट जाईल का?

उत्तर : लस फुकट जाणार नाही, तिचा प्रतिसाद थोडा मंदावेल. आपल्या परिचितांचा सल्ला मुळात चुकीचा नव्हता, त्यांचा हिशेब चुकला. मेथोट्रेक्सेट रोगप्रतिकारक पेशींच्या वाढीला लगाम घालते आणि लस मिळाल्यावर नेमके त्याच पेशींनी भराभर वाढावे अशी आपली अपेक्षा असते. म्हणून डोसनंतर ही गोळी दोन आठवडे थांबवली तर काय होते, हे ब्रिटनमध्ये सुमारे अडीचशे रुग्णांवर तपासले गेले आणि २०२२ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गोळी थांबवणाऱ्यांच्या रक्तातील प्रतिपिंडांचे (विषाणूला रोखणाऱ्या अँटिबॉडींचे) प्रमाण चार आठवड्यांनंतर इतरांच्या सुमारे दुप्पट भरले. त्याचबरोबर, गोळी थांबवणाऱ्यांमध्ये आजार उसळण्याचे प्रमाणही अधिक होते, हा त्याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष ऐकीव सल्ल्यातून हटकून गळतो. प्रतिपिंडे दुप्पट झाली म्हणजे संरक्षण दुप्पट झाले, असेही समजू नये.

या खंडाची मर्यादा दोन आठवडे आहे, महिना नव्हे, आणि हा खंड डोसच्या नंतर घ्यायचा असतो. तोही आजार शांत असेल तरच. माझे स्वतःचे सांगायचे, तर एका बूस्टरच्या वेळी सांधे शांत होते, म्हणून मी गोळीच्या वाराच्या आदल्या दिवशी डोस घेतला. त्यामुळे नेमक्या दोन गोळ्या चुकल्या आणि पंधराव्या दिवशी गाडी रुळावर आली. दहाव्या दिवसाच्या सुमारास बोटे थोडी आखडली, इतकेच. त्यानंतरच्या डोसच्या वेळी गुडघा आधीच सुजलेला होता, तेव्हा माझ्या डॉक्टरांनी गोळी थांबवू दिली नाही आणि मीही हट्ट धरला नाही. आपला मागचा अनुभव पाहता, आपल्या बाबतीतही गोळी चालू ठेवून डोस घेण्याकडेच माझा कल राहील. अंतिम निर्णय आपल्या तज्ज्ञांशी बोलूनच घ्यावा. रोज घ्यायचे स्टेरॉइड मात्र लशीसाठी एकाएकी कधीही बंद करू नये, कारण दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्याच्या शरीराची स्वतःचे स्टेरॉइड तयार करण्याची सवय मोडलेली असते आणि ते अचानक तोडणे जिवावर बेतू शकते.

आमवातावर सलाइनमधून दिल्या जाणाऱ्या रिटुक्सिमॅबबद्दलही आपण ओझरते विचारले आहे. तिथे वेळ सर्वांत महत्त्वाची ठरते. प्रतिपिंडे ज्या बी पेशींपासून बनतात, त्यांनाच हे औषध सहा महिने किंवा त्याहूनही अधिक काळ नाहीसे करते. म्हणून पुढच्या सलाइनच्या साधारण चार आठवडे आधी डोस घ्यावा आणि जमत असेल तर डोसनंतरचे सलाइन दोन ते चार आठवडे लांबवावे, अशी पद्धत आहे. ही सोय झाली नाही म्हणून डोसच टाळण्याचे कारण नाही, कारण प्रतिपिंडे कमी बनली तरी टी पेशींचा (संसर्ग झालेल्या पेशी नष्ट करणाऱ्या पेशींचा) प्रतिसाद बऱ्याच अंशी शाबूत राहतो.

प्रश्न : माझ्या यजमानांच्या मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण झाले आहे. त्यांच्या ओळखीच्या एका आमवाताच्या रुग्णाला बूस्टरच्या वेळी मायकोफेनोलेट (प्रतिकारशक्ती दाबणारे औषध) काही दिवस थांबवायला सांगितले होते. यजमान तेच औषध घेतात. त्यांनीही थांबवावे का?

उत्तर : मुळीच नाही. एकच औषध दोन आजारांत दोन वेगळी कामे करते. आमवातात ते आठवडाभर थांबले तर सांधे दुखतील, फार तर आजार उसळेल. प्रत्यारोपणात त्याच औषधाच्या आधारावर शरीराने परके मूत्रपिंड स्वीकारलेले असते आणि ते थांबवले तर मूत्रपिंडच गमावण्याची भीती असते. लशीसाठी ही जोखीम कोणी घेऊ नये. ओळखीच्या माणसाचा अनुभव आपल्याला लावताना औषधाचे नाव जुळले, एवढ्यावर थांबू नये, असे यासाठीच सांगावे लागते.

याची दुसरी बाजू अशी की, प्रत्यारोपण झालेल्यांना अधिक डोस लागतात, हे फार लवकर लक्षात आले होते. २०२१ मध्ये अमेरिकेत साडेसहाशेहून अधिक प्रत्यारोपित रुग्ण तपासले असता, एमआरएनए (फायझर, मॉडर्नासारख्या) लशीच्या दोन डोसनंतर जेमतेम ५४ टक्के जणांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली. त्याच वर्षी फ्रान्समधील १०१ रुग्णांच्या गटात हे प्रमाण तिसऱ्या डोसआधी ४० टक्के होते आणि नंतर ६८ टक्क्यांवर गेले. वाढ झाली, तरीही जवळपास एकतृतीयांश माणसे कोरडीच राहिली. म्हणून यजमानांइतकाच आपला स्वतःचा आणि घरातील इतरांचा डोसही महत्त्वाचा धरावा.

आणखी एक गोष्ट आजच ठरवून ठेवावी. ताप-खोकला सुरू झाला तर तपासणी त्याच दिवशी करावी, कारण पॅक्सलोविडसारखे कोविडवरचे औषध लक्षणे दिसल्यापासून पाच दिवसांच्या आत सुरू करायचे असते. त्यातील रिटोनाव्हिर हा घटक टॅक्रोलिमस या प्रत्यारोपणानंतर घ्यायच्या औषधाची रक्तातील पातळी धोकादायकरीत्या वाढवतो, म्हणून प्रत्यारोपण-तज्ज्ञांना विचारल्याशिवाय त्याची पहिली गोळीही घेऊ नये. तापाच्या रात्री फोन कोणाला करायचा, तो क्रमांक आधीच लिहून ठेवलेला बरा.

प्रश्न : मला मल्टिपल स्क्लेरोसिस (चेतातंतूंचे आवरण झिजण्याचा आजार) आहे. बूस्टरच्या रात्री ताप आला आणि जुन्या हल्ल्यात गेलेला डाव्या पायातला जोर पुन्हा गेल्यासारखा वाटला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळे पूर्ववत झाले. हा नवा हल्ला होता का?

उत्तर : आपण लिहिले आहे त्यावरून तसे वाटत नाही. ज्या चेतातंतूंचे आवरण पूर्वी झिजले आहे, त्यांतून संदेश कसाबसा जात असतो आणि शरीराचे तापमान थोडे वाढले तरी तो अडखळतो. उफ्टॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्ये याचे वर्णन केले आणि आजही ही घटना त्याच्याच नावाने ओळखली जाते. ताप उतरला की जोर परत येतो. नवी लक्षणे, किंवा जुनीच लक्षणे ताप नसताना २४ तासांहून अधिक काळ टिकली, तर मात्र आपल्या तज्ज्ञांना कळवावे. पुढच्या वेळी पॅरासिटामॉल हाताशी ठेवावे, पण डोसच्या आधीच सावधगिरी म्हणून घेऊ नये. कणकण जाणवल्यावर घेणे पुरेसे आहे.

प्रश्न : मला सहा वर्षांपासून एमई म्हणजे दीर्घकालीन थकव्याचा विकार आहे. शेवटच्या बूस्टरनंतर मी तीन आठवडे अंथरुणाला खिळून होते. डॉक्टरांना सांगितले तेव्हा त्यांनी ‘इंटरनेटवर वाचल्यामुळे असे होते’ म्हणून हसून विषय संपवला. मला पुन्हा डोस घ्यायची भीती वाटते, आणि न घेता कोविड होण्याचीही.

उत्तर : त्या हसण्याबद्दल आधी लिहितो. अपेक्षेमुळे त्रास जाणवतो, ही गोष्ट खरी आहे. कोविड लशींच्या १२ चाचण्यांतील ४५ हजारांहून अधिक लोकांची माहिती २०२२ च्या आरंभी एकत्रितपणे तपासली गेली. ज्यांना लस न देता नुसते निष्क्रिय द्रव्य टोचले होते, त्यांपैकीही सुमारे ३५ टक्के जणांनी पहिल्या डोसनंतर डोकेदुखी, थकवा असा अंगभर जाणवणारा त्रास नोंदवला. पण हे आकडे एका समूहाबद्दल बोलतात. समोर बसलेल्या एका माणसाचा त्रास त्यांपैकी कोणत्या खात्यात जातो, ते या आकड्यांवरून सांगता येत नाही, आणि तीन आठवडे उठता न येणे हा रात्रभराच्या डोकेदुखीचा प्रकारही नव्हे. आपल्या डॉक्टरांनी नोंद करायला हवी होती. त्यांनी केली नसेल, तर लशीनंतरच्या विपरीत परिणामांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे ती आपण स्वतः करता येते का, याची चौकशी करावी. अशा नोंदींतूनच एमआरएनए लशीनंतर क्वचित होणारा हृदयाच्या स्नायूचा दाह, तोही मुख्यतः तरुण पुरुषांत, लक्षात आला होता. डोसनंतरच्या पहिल्या काही दिवसांत छातीत दुखणे, धाप लागणे किंवा धडधड होणे यांपैकी काही झाले, तर ते थकव्याच्या खाती टाकून घरी बसू नये. तातडीने रुग्णालय गाठावे.

आता आपल्या तीन आठवड्यांविषयी. आपण लिहिले आहे की, डोसच्या दिवशी दीड तास रांगेत उभे राहावे लागले आणि दुसऱ्या दिवशी घरी पाहुणे होते. या आजाराची खूणच अशी की, श्रमाची किंमत त्याच दिवशी वसूल होत नाही, ती एक-दोन दिवसांनी वसूल होते आणि पुष्कळदा श्रमाच्या मानाने फार मोठी असते. त्यामुळे रांग, पाहुणे आणि लस यांपैकी कोणाच्या वाट्याला किती दोष द्यायचा, हे मला इथे बसून सांगता येणार नाही. पुढचा डोस घ्यायचे ठरलेच, तर रांग आणि पाहुणे तरी वगळता येतील. आधीचे दोन-तीन दिवस आणि नंतरचा आठवडा मोकळा ठेवावा, बसून वाट पाहता येईल अशी वेळ मागून घ्यावी आणि फ्लूची लस त्याच दिवशी उरकून घेऊ नये. दोन्ही लशी एकाच दिवशी घेणे इतरांना चालते, पण आपल्याला कोणत्या लशीने काय झाले, ते कळणे अधिक गरजेचे आहे.

पुढचा डोस आपण घ्यावाच, असे मी लिहिणार नाही. आपले वय, इतर आजार, कोविड होऊन गेल्याला किती महिने झाले, या गोष्टी पत्रात नाहीत आणि त्यांवरच हा निर्णय अवलंबून आहे. एवढे मात्र सुचवतो की, निर्णय लगेच करू नये. आधी एका वहीत मागच्या प्रत्येक डोसची तारीख, लशीचे नाव, त्या आठवड्यातील औषधे आणि श्रम, त्रास सुरू झाल्याचा दिवस आणि संपल्याचा दिवस आठवून लिहावे. ती वही घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे जावे. लिहून नेलेली तारीख हसण्यावारी नेणे अवघड असते, असा माझा दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांवर बसून आलेला अनुभव आहे.

प्रश्न : मी इन्सुलिन घेतो. बूस्टरनंतर दोन दिवस साखर नेहमीपेक्षा बरीच वर राहिली. लशीने मधुमेह वाढतो का?

उत्तर : ती साखर प्रतिकारयंत्रणा जागी झाल्याची खूण आहे. तापात, सर्दीत वाढते तशीच ती वाढते आणि दोन-तीन दिवसांत खाली येते. त्या दिवसांत साखर अधिक वेळा तपासावी, पाणी भरपूर प्यावे आणि अन्न जात नाही म्हणून इन्सुलिन पूर्ण बंद करू नये. टाइप १ मधुमेह असेल, तर साखर चढलेली असताना कीटोनही (इन्सुलिन कमी पडले की रक्तात साचणारी आम्ले) तपासावेत. एम्पाग्लिफ्लोझिन किंवा डापाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांना ताप-उलट्या होऊन खाणे-पिणे तुटले, तर ती गोळी तेवढ्यापुरती थांबवावी लागते. हे आपल्या डॉक्टरांकडून डोसच्या आधीच समजून घ्यावे.

प्रश्न : रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. मागच्या वेळी दंडावर तळहाताएवढा काळा-निळा डाग पडला. गोळी थांबवून डोस घेऊ का?

उत्तर : गोळी थांबवू नये. टोचणाऱ्यांना आधी सांगावे, म्हणजे ते बारीक सुई वापरतील, आणि टोचल्यावर तिथे न चोळता किमान दोन मिनिटे घट्ट दाबून धरावे. वॉरफेरिन घेत असाल, तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचे माप) मर्यादेत असल्याची खात्री करून जावे. मागच्या वेळी आपण घड्याळ न पाहता कापूस लगेच टाकला, असे आपणच पत्राच्या शेवटी लिहिले आहे.